घर्षणजन्य उष्णतेवर पाकक्रिया

गतीचे उष्णतेत रूपांतर करून त्या उष्णतेवर अन्न शिजवणे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले, द्रव घुसळला किंवा पदार्थावर आघात केला, की वस्तूची एका दिशेची हालचाल रेणूंच्या सैरभैर हालचालीत मुरते व तापमान वाढते. ही उष्णता चुलीच्या उष्णतेहून गुणाने वेगळी नसते. तापमान पुरेसे चढले तर तिच्यावरही भात शिजेल.

याचा गाजलेला प्रयोग काउंट रम्फर्ड (बेंजामिन टॉम्पसन, १७५३–१८१४) यांनी म्यूनिकमध्ये केला. तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू चटका बसण्याइतका तापतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी मुद्दाम बोथट केलेले पोलादी पाते धातूच्या दंडगोलावर दाबून ठेवले, दंडगोल घोड्यांच्या बळावर मिनिटाला सुमारे ३२ फेरे फिरवला आणि भोवतीच्या पेटीत साधारण ८.५ किलो पाणी भरले. तासाभरात पाणी ४२° से. झाले, दोन तासांनी ८१° से., आणि अडीच तासांनी चक्क उकळू लागले. विस्तवाशिवाय एवढे पाणी उकळताना पाहून जमलेले लोक थक्क झाले. स्वतःला झालेला लहान मुलासारखा आनंदही रम्फर्ड यांनी १७९८ च्या निबंधात लपवला नाही. घासत राहावे तोवर उष्णता निघतच राहते, म्हणून ती धातूत साठलेला पदार्थ असू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष फार मोलाचा. अडीनडीला या उष्णतेवर जेवण रांधता येईल, पण घोड्याचा चारा जाळला तर याहून जास्त उष्णता मिळेल, हेही त्यांनीच लिहून ठेवले.

पुढे जेम्स जूल यांनी पाणी घुसळून कार्य व उष्णता यांचे प्रमाण ठरवले. आजच्या मापात १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१९ जूल. अडचण इथेच दिसते. २५° से. तापमानाचे १ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोजूल लागतात. ३ किलोचे मुसळ सेकंदाला ४ मीटर वेगाने आदळले तर मिळतात जेमतेम २४ जूल. म्हणजे सगळी उष्णता पाण्यातच राहिली असे धरले तरी तेरा हजारांवर घाव घालावे लागतील. प्रत्यक्षात दोन घावांच्या मधे उष्णता हवेत निघून जाते. जितकी उष्णता निसटते तितकीच घावांतून येऊ लागली, की तापमान तिथेच अडते. मग कितीही वेळ कुटले तरी उपयोग नाही. म्हणून एकूण ऊर्जेइतकीच ती किती झपाट्याने मिळते, हेही निर्णायक ठरते.

विजेच्या मोटरीमुळे हा झपाटा घरात आला. गिरणीतून दळून आलेले पीठ हाताला गरम लागते ते यामुळेच. मिक्सरच्या पात्याकडून १ लिटर पातळ मिश्रणाला ५०० वॉट मिळाले, तर गळती सोडून ते पाचेक मिनिटांत २५° वरून ६०° से. वर जाते. जास्त शक्तीच्या ब्लेंडरमध्ये थंड साहित्यापासून वाफाळते सूप करतात ते याच तत्त्वावर. इडलीचे पीठ मिक्सरमध्ये वाटताना मात्र हीच उष्णता नको असते, म्हणून गार पाणी घालून थांबत थांबत वाटतात.