सापेक्ष जोखीम व उंडेरा येथील प्लेग-लसीकरण

एखाद्या गटातील ज्या प्रमाणात व्यक्तींना रोग किंवा मृत्यू येतो, त्या प्रमाणास त्या गटाची जोखीम आणि दोन गटांच्या जोखमींच्या गुणोत्तरास सापेक्ष जोखीम म्हणतात. त्यासाठी आडव्या ओळींत गट व उभ्या स्तंभांत परिणाम मांडून द्विमार्गी कोष्टक तयार करतात.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्भवल्यावर वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी तेथे प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंडेरा गावी १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना ही लस टोचण्यात आली. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व त्यांतील ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. म्हणजेच मृत्यूची जोखीम अनुक्रमे ४·२ व ४०·६ टक्के आणि सापेक्ष जोखीम सुमारे ०·१० होती. आजारी पडण्याची सापेक्ष जोखीम सुमारे ०·२७ येते. यावरून लस रोगापेक्षा मृत्यूपासून अधिक संरक्षण देत होती, असे दिसते.

तुलना एकाच घरात राहणाऱ्यांमध्ये झाल्याने दोन्ही गटांचा संसर्गाशी संबंध बराचसा सारखा होता, हे या प्रयोगाचे बळ होय. मात्र सापेक्ष जोखमीबरोबर मूळ जोखीमही पाहावी लागते. शंभरांत चाळीसऐवजी चार मृत्यू होणे व लाखात दहाऐवजी एक होणे, यांचे गुणोत्तर एकच असते. पण पहिल्यात शंभरांमागे ३६ जीव वाचतात, तर दुसऱ्यात लाखामागे ९.