रंग आणि शब्द यांच्या तंट्याची कुळकथा

‘निळा’ हा शब्द तांबड्या शाईने लिहून साक्षर माणसापुढे धरावा आणि शाईचा रंग कोणता एवढेच त्याला विचारावे, म्हणजे तो क्षणभर अडखळतो, कित्येकदा ‘निळा’ असे बोलून जातो, आणि लागलीच आपली जबानी फिरवतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्ट्रूपच्या नावाने परिचित असलेल्या या प्रयोगाचे मूळ शोधू गेल्यास ते स्ट्रूपच्या जन्मापूर्वीच्या लाइपझिग शहरात सापडते.

तेथे व्हिल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत जेम्स मॅकीन कॅटेल हा अमेरिकन तरुण मनोव्यापारांना लागणारा काळ मोजण्यात गढून गेला होता. शब्द वाचून उच्चारण्यापेक्षा रंगाचे किंवा वस्तूचे नाव सांगण्यास अधिक वेळ लागतो, असे त्याने १८८६ साली प्रसिद्ध केले. मूल रंग पाहू लागते ते अक्षरओळखीच्या कितीतरी आधी. तरीही अक्षराने रंगाला मागे टाकावे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. कॅटेलची मीमांसा अशी की, दीर्घ अभ्यासाने अक्षर आणि उच्चार यांची सांगड आपोआप जुळते, रंगाचे नाव मात्र प्रयत्नपूर्वक निवडावे लागते.

कॅटेलने रंग आणि शब्द वेगवेगळे दाखवले होते. ते एकाच ठिकाणी, परस्परांच्या विरोधात उभे करून त्यांतून एक काटेकोर मोजमाप सिद्ध करण्याचे श्रेय टेनेसीतील जॉन रिडली स्ट्रूप (१८९७–१९७३) यांचे. नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबॉडी कॉलेजातील त्यांचा प्रबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा तक्ता पाहण्याजोगा आहे: दहा ओळी, प्रत्येकीत दहा शब्द, तांबडा, निळा, हिरवा, तपकिरी आणि जांभळा या पाचच रंगांची नावे, आणि कोणताही शब्द स्वतःच्या रंगात छापायचा नाही, हा सक्त दंडक. रंगीत चौकोनांच्या तक्त्यावरील शंभर रंग सांगण्यास शंभर विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. तेच रंग विरोधी शब्दांच्या रूपाने समोर आले तेव्हा ११०.३ सेकंद. उलटपक्षी, शाईकडे लक्ष न देता केवळ शब्द वाचा, असे सांगितले असता काळ्या शाईतील मजकुराच्या तुलनेत अवघ्या २.३ सेकंदांची तफावत पडली. शब्द रंगाला अडवतो, रंग शब्दाला जवळजवळ अडवत नाही: या प्रयोगाचे सारे मोल या एकतर्फी अंमलात आहे, नुसत्या विलंबात नाही.

पुढच्या प्रयोगात स्ट्रूप यांनी चौकोन काढून टाकले आणि त्यांच्या जागी स्वस्तिके छापली. भरीव चौकोनात कागदाचा पांढरा भाग दिसत नाही, अक्षरांच्या रेघांमधून तो दिसतो. स्वस्तिकाच्या आकृतीतही तो तसाच डोकावतो, म्हणून तुलना अधिक न्याय्य होईल, हा त्यांचा हिशेब. एवढ्या बारीक गोष्टीचीही दखल घेणारा संशोधक वाचकाचा विश्वास कमावतो. आठ दिवस सराव दिल्यावर विरोधी शब्दांचे रंग सांगण्याचा वेळ ४९.६ सेकंदांवरून ३२.८ वर आला, आणि त्याच सरावामुळे रंगीत शब्द वाचताना मात्र विद्यार्थी काही काळ अडखळू लागले. ज्या बाजूस सवय अधिक, त्या बाजूचे बळ अधिक, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण. अक्षरओळख नसलेल्या बालकाला हे शब्द मुळीच छळत नाहीत. अपरिचित लिपीतील शब्दही आपल्याला विशेष अडवत नाहीत. साक्षरता एकदा अंगी मुरली म्हणजे वाचू नये असे ठरवूनही वाचले जाते; या विलंबाला मनाचे दौर्बल्य न म्हणता वाचनविद्येचे मूल्य म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

स्ट्रूप स्वतः लवकरच या क्षेत्रापासून दूर गेले आणि नॅशव्हिलच्याच डेव्हिड लिप्सकोम कॉलेजात बायबलचे अध्यापन व धर्मोपदेश यांत त्यांनी हयात घालवली. त्यांचा शोध मात्र, विशेषतः १९६० नंतर, झपाट्याने फैलावला. १९९१ साली कॉलिन मॅक्लाउड यांनी त्याचा समग्र आढावा घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे सातशेहून अधिक अभ्यासांचा ढीग होता. दरम्यान तो रुग्णालयांतही शिरला. मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या रोग्याची अवधानशक्ती तपासताना तीन तक्ते क्रमाने पुढे ठेवतात, शब्दांचा, रंगांचा आणि विरोधाचा. आणि चार्ल्स गोल्डन यांनी १९७८ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत तर मोजणीच उलटी झाली आहे: शंभर शब्दांना किती वेळ लागला हे न पाहता, ४५ सेकंदांत किती शब्द पार पडले याची नोंद घेतात.