फुटलेल्या पाटाचा समुद्र

वाळवंटात होडी म्हटलं की मराठी माणूस काही दचकत नाही. आपलं पहिलं वाळवंट पंढरपूरचं, आणि तिथे चंद्रभागेला पाणी असलं की होडीवाला हाका मारीत असतोच. पण जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, पाऊस पाहुण्यासारखा क्वचित येतो नि चहाही न घेता निघून जातो, अशा खऱ्याखुऱ्या वाळवंटात माणसं मोटारीच्या मागे बोट बांधून, तंबू आणि गळ घेऊन सुट्टीला जात, असं सांगितलं तर मात्र वारकरीसुद्धा थांबून विचारील, "कुठं म्हणालात?"

कॅलिफोर्नियात. तिथल्या सॉल्टन सी नावाच्या तळ्यावर. नाव समुद्राचं, आहे तळं, आणि मुळात तेही तिथे असायचं नव्हतं.

हा सारा खोलगट भाग समुद्रसपाटीपेक्षा कितीतरी खाली. तळ्याचा पृष्ठभागच सुमारे ७० मीटर खाली आहे, तेव्हा तळाची गोष्ट सोडाच. शेजारून कोलोराडो नदी वाहते. तिचं पाणी कालव्याने आणून शेती करायची आणि जमिनी विकायच्या, असा बेत एका कंपनीने केला. प्रदेशाचं नाव कोलोराडोचं वाळवंट. या नावावर जमीन कोण घेणार? म्हणून त्याचं बारसं करून 'इंपीरियल व्हॅली' असं राजेशाही नाव ठेवलं. खाजणात उभ्या केलेल्या इमारतीला आपण 'सागरदर्शन' म्हणतो, त्यातलाच प्रकार. १९०१ मध्ये पाणी आलं, माणसं आली, पिकं आली. आणि पाठोपाठ गाळ आला. कोलोराडोचं पाणी इतकं गढूळ की १९०४ पर्यंत कालव्याचं तोंड पार बुजून गेलं.

शेतकरी ओरडू लागले. तेव्हा कंपनीने सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोच्या हद्दीत, नदीचा काठ कापून नवी वाट काढली. तिला दरवाजे नव्हते. दरवाज्यांना मेक्सिको सरकारची मंजुरी यायची होती आणि मंजुरी नदीपेक्षा सावकाश वाहते, हा अनुभव जागतिक आहे. आपल्याकडे रात्री पाटाला दारं धरलेला कोणताही शेतकरी सांगेल की, बाबा रे, पाट फोडणं सोपं, बुजवणं कठीण. पण त्याला विचारतो कोण!

१९०५ मध्ये पुरामागून पूर आले. कापलेली वाट रुंदावत गेली आणि वर्ष संपण्यापूर्वी जवळजवळ सगळी कोलोराडो नदी समुद्राचा नाद सोडून या खळग्यात उतरू लागली. मिठाचा कारखाना बुडाला. टोरेस-मार्टिनेझ इथल्या काविया आदिवासींची हजारो एकर जमीन बुडाली. सदर्न पॅसिफिक रेल्वेला आपले रूळ पुन्हा पुन्हा उचलून वर न्यावे लागले. शेवटी रेल्वेनेच कंबर कसली. नदीवर लाकडी पूल बांधून त्यावरून मालगाड्या न्यायच्या आणि नदी वाहून नेईल त्याहून वेगाने दगड ओतायचे! नोव्हेंबर १९०६ मध्ये भगदाड बुजलं. सगळ्यांनी पाठी थोपटून घेतल्या. डिसेंबरात शेजारीच दुसरं पडलं. शेवटी फेब्रुवारी १९०७ मध्ये नदी परत समुद्राच्या वाटेला लागली, आणि मागे उरलं सुमारे ३५ मैल लांबीचं तळं.

त्या उन्हात वर्षाला पुरुषभर पाणी उडून जातं. म्हणजे काही वर्षांत तळं आटायचंच. पण शेतांतून निथळणारं पाणी त्याला मिळत राहिलं आणि ते जगलं. शेतांतलं मीठही त्याच पाण्याबरोबर येत राहिलं. आत येणारं सगळं राहायला आलेलं, बाहेर जायची वाट एकच, वाफेची. आणि वाफ मीठ घेऊन जात नाही.

खारं तर खारं, म्हणून सरकारने १९५० च्या सुमारास खऱ्या समुद्रातून, कॅलिफोर्नियाच्या आखातातून, कोरविना नावाचे मासे आणून सोडले. ते इतके माजले की गळ टाकणाऱ्यांची रीघ लागली. १९५५ मध्ये काठावर सरकारी उद्यान झालं, तंबूंच्या रांगा लागल्या. १९५८ मध्ये 'सॉल्टन सिटी' या शहराची आखणी झाली. रस्ते झाले, रस्त्यांना सुंदर नावं मिळाली, बहुतेक घरं तेवढी व्हायची राहिली. १९५९ मध्ये आल्बर्ट फ्रे या नामवंत वास्तुशिल्पीने बोटीसारखा दिसणारा, गोल खिडक्यांचा यॉट क्लब बांधला. खाऱ्या, जड पाण्यात बोट जरा वर तरंगते, म्हणून शर्यतवाल्यांचाही हा लाडका. कोणाच्या तरी घाईमुळे सांडलेल्या पाण्यावर लोक पाण्यावरच्या फळ्या बांधून घसरत होते, आणि मला विचाराल तर मजेत होते. मजेला वंशावळ लागत नाही.

मग १९७६ आणि १९७७ मध्ये लागोपाठ वादळं आली, पाणी वाढून काठावरच्या हौसेच्या घरांत शिरलं. पुढे मासे मरू लागले. १९९६ मध्ये हजारो पाणकोळी रोगाने मेले. ऑगस्ट १९९९ मध्ये एका दिवसात ७६ लाख तिलापिया मेल्याची नोंद झाली. तिलापिया म्हणजे आपल्या उजनीची चिलापी. जी चिलापी कशातही जगते, तिने जिथे हात टेकले, तिथे कोरविनाची काय कथा! २००३ मध्ये शेतीचं पाणी सॅन डिएगो शहराकडे वळवण्याचा करार झाला, तळ्याला त्याबदली मिळणारं पाणी २०१७ अखेर थांबलं, आणि तळं झपाट्याने मागे सरकू लागलं. आज ते समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. उद्यानाच्या बंदरात पाणी नाही. उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर उडते, तिच्यात शेतांतली औषधंही असतात, आणि ती ज्यांच्या घरात शिरते ते सुट्टीला आलेले नव्हेत. ती शेतमजुरांची घरं आहेत, आणि तिथल्या मुलांत दम्याचं प्रमाण जास्त आहे. ही धूळ दाबण्यासाठी आणि पक्ष्यांसाठी दक्षिण टोकाला उथळ तळी करण्याचं काम २०२१ मध्ये सुरू झालं.

गंमत अशी की, या खळग्यात तळं काही पहिल्यांदा आलेलं नव्हतं. कोलोराडो नदी पूर्वीही अधूनमधून आपण होऊन इकडे वळे, मोठं तळं भरे, मग नदी फिरली की ते आटे. काविया लोकांना हे ठाऊक होतं. डोंगरउतारावर त्यांनी मासे अडवायला रचलेले दगडी सापळे अजून दिसतात. एका रांगेखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. पाणी खाली गेलं की माणसंही चार पावलं खाली उतरत, पुन्हा दगड रचत, मासे धरत. यॉट क्लब मात्र जागचा हलला नाही. त्याची डागडुजी करून २०१० मध्ये वस्तीसाठी समाजमंदिर केलं, हे चांगलंच झालं. गोल खिडक्या तशाच आहेत. पाणी बघायला मात्र आता बरंच चालत जावं लागतं.