धारवाडची नभोवाणी आणि सुरांची वहिवाट

नभोवाणी म्हटली की श्रोत्यास प्रथम निवेदकाचा आवाज आठवतो. १९५२ च्या डिसेंबरात सिलोन केंद्रावरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि गाणे ऐकविणाऱ्याचेही नाव घरोघरी झाले. परंतु श्रोत्यांच्या कानी काय पडावे याचा विचार करणारा, स्वतः मात्र पडद्याआड राहणारा आणखी एक वर्ग आहे. तो म्हणजे केंद्राच्या सल्लागारांचा. त्यांची कामगिरी पाहावयाची तर धारवाडसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

आकाशवाणीचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले तेव्हा हा जिल्हा मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना होऊन तो म्हैसूर राज्यात गेला. सीमा आखली गेली, त्याबरोबर कोणते गाव कोणाचे हा वादही वाढला. त्याच १९५६ साली कवी द. रा. बेंद्रे या केंद्राचे सल्लागार झाले. त्यापूर्वीची बारा वर्षे त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकविण्यात घालविली होती. घरची भाषा मराठी, प्रतिभेची भाषा कन्नड. मराठीतही त्यांनी ग्रंथरचना केली. १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना लाभले ते कन्नड काव्याबद्दल. अशा पुरुषास सीमेच्या अलीकडचा म्हणावे की पलीकडचा?

संगीताचे सल्लागार मल्लिकार्जुन मन्सूर यांचीही कथा अशीच आहे. धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्मलेल्या या गायकास मिरजेच्या नीलकंठबुवांनी ग्वाल्हेर परंपरेची तालीम दिली. पुढे अल्लादियाखाँ यांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ यांच्यापासून जयपूर गायकी त्यांच्या गळ्यात उतरली. अनवट राग गाणारा हाच कंठ बसवण्णांच्या परंपरेतील कन्नड वचनेही गाई. मिरज, मुंबई, कोल्हापूर असा प्रवास करून आलेली विद्या धारवाडच्या माळावर रुजली.

शेजारच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ झाले. त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. बालपणी कुळावरून हिणविल्या गेलेल्या या बाईंचा स्वर नभोवाणीने ज्या घरांत पोचविला, त्यांतील कित्येक घरांनी एकेकाळी त्यांना उंबरठ्याबाहेरच ठेविले असते.

नभोवाणीचा कारभार निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. १९४० ते १९७१ पर्यंत पेटीच्या साथीस तेथे बंदी होती. सरकारी हुकूम कान नसलेल्या हातानेही लिहिता येतो. म्हणूनच अशा संस्थेत कान असलेला माणूस बसावा लागतो.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. मालकीचा दावा आणि वहिवाटीचा हक्क यांतील भेद आम्हांस पदोपदी भेटतो. संगीतावर मालकी कोणाचीच नसते. असते ती वहिवाट. मराठीची वाट धारवाडातून जाते आणि कन्नडची कोल्हापुरातून; ती बुजवावयाचा अधिकार कोणत्याही नकाशास नाही. परंतु १८८२ च्या कायद्याचे एक कलम विसरू नये: अशा वाटेचा हक्क सलग वीस वर्षे वापरला नाही तर तो लोपतो.

हुबळी-धारवाडच्या आमच्या मंदिर-समाजात घरी कोंकणी, देवापुढे मराठी अभंग आणि रस्त्यावर कन्नड असा नित्याचा व्यवहार आहे. त्यांतील एखादी वाट आज आमच्या मुलांच्या पायाखालून सुटत असेल, तर दोष सीमेचा नव्हे; न चालणाऱ्यांचा आहे. पुढच्या उत्सवात सभामंडपात अभंगाबरोबर दासरपद आणि वचनही व्हावे, कोंकणी गीतही व्हावे. बेंद्रे आणि मन्सूर यांनी राखलेली वाट त्यानेच वापरात राहील.