एका म्यानात दोन तलवारी : विंडोजच्या घरात नांदलेल्या लिनक्सचा इतिहास

#थ्रेड

१/ एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणतात. विंडोजच्या संगणकावर लिनक्स हवे असेल, तर पूर्वी दोनच राजमार्ग होते. एक, डिस्कचे विभाजन. त्यात चूक झाली की सगळा संग्रह गमावण्याची भीती. दुसरा, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच उभारलेला आभासी संगणक. तो मेमरीचा मोठा वाटा गिळंकृत करी. या दोहोंवाचून लिनक्सचा डेस्कटॉप विंडोजमध्ये नांदू शकेल काय? त्या शोधाची ही कहाणी.

२/ बीज १९९३ मधले. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या विंडोज एनटीत ‘उपप्रणाली’ ही कल्पना मुळातच होती. कर्नल एकच, पण त्यावर विंडोज, ओएस/२ आणि युनिक्सवर्गीय पॉझिक्स असे तिन्ही प्रकारचे प्रोग्राम चालावेत. अमेरिकी सरकारच्या खरेदीत पॉझिक्स मानकाला महत्त्व होते. प्रत्यक्षात ही उपप्रणाली नाममात्रच ठरली. तीत नेटवर्क नव्हते, खिडक्याही नव्हत्या.

३/ खिडक्यांचे उत्तर त्याआधीच, १९८४ मध्ये, एमआयटीत जन्मले होते : एक्स विंडो सिस्टिम. तिने कामाची वाटणी केली. पडद्यावर चित्र रेखाटणारा ‘सर्व्हर’ वेगळा आणि प्रोग्राम वेगळा. दोघांचा संवाद नेटवर्कवरूनही होऊ शकतो. म्हणजेच प्रोग्राम लिनक्सचा आणि पडदा विंडोजचा, हे तत्त्वतः शक्य होते.

४/ १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्सने सिग्विनचा पाया घातला. युनिक्सच्या प्रोग्रामची मागणी एक लायब्ररी विंडोजच्या भाषेत पोहोचवी. अट मात्र कडक होती : प्रोग्राम सोर्स कोडपासून पुन्हा कंपाइल करावा लागे. लिनक्ससाठी सिद्ध झालेली फाइल जशीच्या तशी चालत नसे.

५/ २००४ मध्ये डॅन अलोनी यांचे कोलिनक्स अवतरले. साहस विलक्षण होते : लिनक्सचे खरे कर्नल विंडोजच्या ड्रायव्हरच्या आधाराने चालवायचे आणि दोन्ही कर्नलांनी प्रोसेसर आळीपाळीने वापरायचा. त्यावर उभ्या राहिलेल्या अँडलिनक्सने केडीई व एक्सएफसीई डेस्कटॉप विंडोजच्या शेजारी आणून बसवले.

६/ किंमतही तशीच होती. दोघांनाही सर्वोच्च अधिकार असल्याने एक कोसळला की दुसऱ्यालाही घेऊन बुडे. शिवाय कोलिनक्स ३२-बिट विंडोजपुरतेच राहिले. ६४-बिट युग आले आणि ही वाट बंद झाली.

७/ मग वारे फिरले. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. त्याच कंपनीने मार्च २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ जाहीर केले. त्यात लिनक्सचे कर्नल नव्हतेच. प्रोग्रामने कर्नलला घातलेली प्रत्येक साद, म्हणजे सिस्टिम कॉल, विंडोज स्वतःच दुभाष्याप्रमाणे समजून घेई. उबंटूचे प्रोग्राम आता न बदलता चालू लागले.

८/ अधिकृत आधार फक्त कमांड लाइनला होता. उत्साही मंडळींना मात्र १९८४ ची ती वाटणी ठाऊक होती. त्यांनी विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा एक्समिंग हा एक्स सर्व्हर सुरू केला आणि लिनक्सला ‘पडदा तिकडे आहे’ एवढे सांगितले. डी-बस हा अंतर्गत निरोप्या अडखळला, तेव्हा त्याला युनिक्स सॉकेटऐवजी टीसीपीची वाट दाखवली. एक्सएफसीईचा डेस्कटॉप व्हर्च्युअल मशीनविना उजळला!

९/ तरीही दुभाष्या थकला. लिनक्सचे सिस्टिम कॉल शेकडो, त्यांत सतत भर. फाइलींचे काम संथ. डॉकरसारखी साधने चालेनात. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तीत खरे लिनक्स कर्नल होते, पण एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये! २०२१ मध्ये लिनक्सच्या खिडक्यांनाही अधिकृत स्थान मिळाले.

१०/ जे टाळण्यासाठी इतका खटाटोप झाला, तेच शेवटी सौम्य रूपात परतले. शब्दांचे भाषांतर करता येते. एका घराच्या साऱ्या रीतीभाती दुसऱ्या घरात हुबेहूब वठवणे अवघड, हाच या इतिहासाचा निष्कर्ष. तरी पहिली आवृत्ती निरुपयोगी ठरली नाही. ज्या संगणकावर व्हर्च्युअलायझेशनची सोय नाही किंवा ती बंद ठेवलेली आहे, तिथे आजही तो जुना दुभाष्याच लिनक्सचे दार उघडून देतो.