पिंजारी, नदाफ, मन्सुरी : एका पेशाची अनेक नावे

पोलिसांनी जंगल पिंजून काढले, आम्ही सारे गाव पिंजून काढले, असे मराठी माणूस सहज बोलतो. विस्कटलेल्या केसांना तो पिंजारलेले केस म्हणतो. हे शब्द ज्याच्या कामातून आले तो पिंजारी मात्र बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतो. भाषेने त्याचे क्रियापद घेतले आणि माणसाला उंबऱ्याबाहेरच ठेवले. म्हणून आज आम्ही हा शब्दच थोडा पिंजणार आहोत.

पिंजाऱ्याचे हत्यार म्हणजे पिंजण. लांब लाकडी दांड्याला धनुष्यासारखी तात ताणून बांधायची, ती कापसात धरायची आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोके द्यायचे. तात थरथरते, दबलेला कापूस तंतूतंतूने मोकळा होतो, धूळ आणि कचरा खाली पडतो. हिवाळ्याच्या तोंडावर गल्लीत हा टणटण आवाज आला की आयाबाया जुन्या गाद्या-उशा अंगणात काढत. पिंजाऱ्याच्या भुवयांवर, दाढीवर कापूस बसलेला असे आणि छातीत धूळ. पिंजलेल्या कापसावर गाव मऊ झोपे, पण पिंजाऱ्याला रात्रभर खोकला असे.

या एकाच कामाची नावे मुलूख बदलला की बदलतात. खानदेशात पिंजारी. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पुढे कर्नाटकात नदाफ. हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थही कापूस पिंजणारा असाच आहे. तेलुगू मुलखात दूदेकुला, उत्तरेत धुनिया किंवा बेहना. अरबीत आणखी एक शब्द आहे, हल्लाज : सरकी काढून कापूस साफ करणारा. हा शब्द मात्र तसव्वुफच्या इतिहासात अमर झाला.

हुसैन बिन मन्सूर अल-हल्लाज यांना इसवी सन ९२२ मध्ये बगदादेत देहान्ताची शिक्षा झाली. त्यांचा 'अनल हक' हा उद्गार सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे स्वतःचे नाव हुसैन. मन्सूर हे वडिलांचे, पण लोकांनी मुलालाच मन्सूर म्हटले. त्यांना हल्लाज का म्हणत? फरीदुद्दीन अत्तार यांनी 'तज़किरतुल औलिया'त कथा दिली आहे : त्यांनी कापसाच्या ढिगाकडे नुसता इशारा केला आणि सरकी आपोआप वेगळी झाली. दुसरा अर्थ असा सांगितला जातो की ते अंतःकरणातली गुपिते पिंजून काढत, म्हणून 'हल्लाजुल असरार'. गंमत पाहा, हल्लाजची कथा लिहून ठेवणाराही एक अत्तारच. दोन्ही नावे पेशाची. त्या काळच्या विद्वानांना आणि सूफींना आपल्या नावामागे पेशा लावण्यात कमीपणा वाटत नव्हता. हाताच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न नाही, ही हदीस त्यांनी नुसती पाठ केलेली नव्हती.

याच मन्सूरच्या नावावरून विसाव्या शतकात उत्तरेतल्या अनेक धुनिया-बेहना कुटुंबांनी 'मन्सुरी' हे नाव घेतले. त्यामागे श्रद्धा होती, तशी वेदनाही. धुनिया म्हटले की समोरचा नाक मुरडतो, मन्सुरी म्हटले की निदान विचारतो तरी. इस्लाममध्ये जातपात नाही हे आपण जुम्म्याच्या नमाजनंतर अभिमानाने सांगतो आणि सोयरिकीच्या बैठकीत हळूच विचारतो, "पिंजाऱ्यांपैकी तर नाहीत ना?" हा प्रश्न आम्ही आमच्याच घरांत ऐकला आहे.

याच कामाला दुसरीकडे केवढा मान मिळाला! खादीच्या चळवळीत गांधीजींनी सूत कातणाऱ्याने पिंजणही शिकावे असा आग्रह धरला. आश्रमात सुशिक्षित माणसे कापूस पिंजू लागली, पेळू वळू लागली. तिथे पिंजण हे व्रत झाले. काम तेच, तात तीच. आश्रमात ती साधना ठरली आणि पिंजारवाड्यात ती जातीची खूण राहिली.

पुढे पिंजणयंत्रे आली, मग फोमच्या गाद्या आल्या. पिंजण माळ्यावर गेली आणि नाव तेवढे मागे उरले. पण या नावाला नवा अर्थ मिळाला तो कायद्याने. १९८० च्या मंडल अहवालाने हिंदूंव्यतिरिक्त समाजांतील मागासपण ओळखताना परंपरागत पेशाचे नाव ही एक कसोटी मानली. १९९० मध्ये शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण वैध ठरवले. ज्या शब्दाची लाज वाटत होती, तोच शब्द शिक्षणाचा दरवाजा उघडू लागला.

दरवाजा उघडला, पण किल्ली हरवलेली. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचे नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडते, पण जातीच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलेले असते नुसते 'मुसलमान'. कुठे आजोबांनी स्वतःच 'शेख' लिहायला सांगितलेले असते. एका भावाच्या कागदावर पिंजारी, दुसऱ्याच्या नदाफ. कचेरीतला कारकून विचारतो, "तुम्ही नक्की कोण?" आणि नातू गप्प उभा राहतो.

तो गप्प राहू नये म्हणून आम्ही हे लिहितो आहोत. घरातले जुने दाखले, खरेदीखते, जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. वडीलधाऱ्यांना आज विचारा, उद्यावर टाकू नका. आणि पिंजारी हा शब्द सापडला तर तो झाकू नका. ज्या शब्दाचा अर्थ गुंतलेले मोकळे करणे आणि कचरा खाली पाडणे असा आहे, त्याची लाज कशाला? पिंजायची असेल तर आपल्या मनातली ती उच्च-नीचतेची गाठ पिंजू या.