साष्टीची रोमी नावे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे ज्या बेटावर वसली, त्या साष्टीच्या नावापासूनच घोटाळ्याचा आरंभ होतो; कारण सहासष्ट गावांवरून नाव पडलेली एक साष्टी मुंबईच्या उत्तरेस, तर त्याच व्युत्पत्तीची दुसरी गोव्यात, आणि सोळाव्या शतकात दोन्ही पोर्तुगीज अंमलाखाली आलेल्या. पुढे मराठ्यांनी मुंबईकडील साष्टी सर केली आणि १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती गेली, तेव्हा दप्तरात दोहोंतील भेद राहिला तो एवढाच, की गोव्याच्या नावात मध्ये ‘सी’ व एकच ‘टी’, तर इकडच्या नावात ‘एस’ व दुहेरी ‘टी’.

१८६७ साली विरारहून बॅकबेकडे उपनगरी आगगाडी सुरू झाली, तेव्हा रेल्वेच्या कागदोपत्री अंधेरीची ‘अंदारू’ व वांद्र्याची ‘बांदोरा’ झाली होती. हा स्वैराचार आवरावा म्हणून विल्यम हंटर यांची लिप्यंतरपद्धती सरकारने पुढे स्वीकारली खरी. परंतु व्यवहारात त आणि ट, द आणि ड यांस एकेकच रोमी अक्षर मिळाल्यामुळे, केवळ वर्णविन्यासावर विसंबणाऱ्या परस्थास घाटकोपर हे ‘घातकोपर’ आणि मुलुंड हे ‘मुलुंद’ वाचण्याची पूर्ण मुभा राहिली.

परळ आणि पार्ले यांची गोष्ट याहून नाजूक आहे. पी, ए, आर ही तीन अक्षरे दोन्हीकडे समान. त्यापुढे परळात आधी ‘ई’ मग ‘एल’, आणि पार्ल्यात नेमके उलट. अक्षरांची ही अदलाबदल करणारा मनुष्य गिरणगावातून थेट उपनगरात पोहोचतो. त्यातही पार्ल्यामागचा ‘विले’ इंग्रजी नजरेने वाचला, तर ‘नीच’ या अर्थाचे विशेषण होते. वस्तुतः इर्ले आणि पाडळे या दोन जुन्या वस्त्यांच्या नावांचा हा अपभ्रंश असल्याचे सांगतात. शीव म्हणजे सीमा, मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द. परंतु तिचा रोमी वर्णविन्यास यरुशलेमच्या पवित्र टेकडीशी आणि स्वित्झर्लंडमधील एका नगराशी तंतोतंत जुळतो. वसईचे जुने इंग्रजी नावही ब्रह्मदेशातील एका बंदराच्या नावाशी असेच एकरूप होते.

इतके असूनही १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तोवर यांतील बरेचसे विन्यास जसेच्या तसे शहराच्या कारभारात सामील झाले होते आणि कोणाचे काही अडले नाही. पार्लेकर पत्त्यावर ‘विले’ हे विशेषण निःशंकपणे लिहीत राहिला, कारण गावाचा उच्चार तो इंग्रजी अक्षरांवरून शिकलेलाच नव्हता. ज्याला गाव आधीपासून ठाऊक, त्यालाच ही लिपी बिनचूक वाचता येते. नवख्याला मात्र तिकिटाच्या खिडकीपाशी दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागते, आणि त्यात त्याचा दोष नाही.